घासा, पण बेतानं!

पीसी तापतो म्हणून थेट पॉलिश पेपर हातात घेताय? रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आधी थोडा विचार करा.

मे महिन्यात रत्नागिरीत तीन गोष्टी हमखास घडतात. आंबा पिकतो, माणूस घामानं निथळतो आणि पीसीचा पंखा विमानासारखा घोंघावायला लागतो. मुंबई-पुण्याचं ऑफिस घरी आणून बसलेल्या माझ्यासारख्यांना तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडते. व्हिडिओ रेंडरला लावला, की प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास जातो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. डेडलाइन मात्र वेग कमी करत नाही!

गंमत म्हणजे, आपल्याला छळणाऱ्या दमटपणाचं प्रोसेसरला काहीच नाही. त्याला कुठे घाम येतो? त्याला कळतं ते खोलीचं तापमान आणि डोक्यावर बसलेल्या हीटसिंकशी आपलं किती जुळतंय ते. हे जुळवण्याचा हौशी लोकांचा लाडका उपाय म्हणजे लॅपिंग. दोन्ही पृष्ठभाग घासून सपाट करायचे.

दिसतं तसं नसतं

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. पण त्यावर स्टीलची पट्टी उभी टेकवून उजेडासमोर धरा. अनेकदा खालून प्रकाशाची बारीक फट दिसते. त्या फटीत हवा असते आणि तिथेच घोडं पेंड खातं. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ४०० धरली, तर ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास, चांगल्या थर्मल पेस्टची दहाच्या आतबाहेर आणि हवेची ०.०३ सुद्धा नाही. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी, पण तांब्यापुढे अगदीच किरकोळ. म्हणून तिचा थर जितका पातळ, तितकं बरं. सपाट करण्याचा फंडा एवढाच!

२००७ मध्ये आलेल्या इंटेलच्या क्यू६६०० चं झाकण अनेकदा मध्ये किंचित खोलगट असायचं. तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींनी ते घासून काढलं. पण कला त्याहून कितीतरी जुनी आहे. इंजिनाचे व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासत बसवणाऱ्या कुठल्याही मेकॅनिकला विचारा, तो हेच सांगेल.

सहाण आठवा

घरी चंदन उगाळलंय ना? मग निम्मं काम येतं. जाड, सपाट काचेवर वॉटर पेपर चिकटवा. ४०० नंबरपासून सुरुवात, मग ६००, ८००, १०००. तळावर मार्करनं रेघा ओढा. जिथली शाई शिल्लक राहते, तो खड्डा. हीटसिंक तळाजवळ धरून सरळ रेषेत हलक्या हातानं फिरवा, थोड्या वेळानं काटकोनात वळवा. जोर लावलात, तर कडा जास्त झिजतील आणि तळ घुमटासारखा होईल. आरशासारखी चमक आली नाही तरी चालेल. हवा आहे सपाटपणा, चमक नाही.

तीन पथ्यं पाळाच. तळाशी हीट पाइप उघडे दिसत असतील, तर हात लावू नका, त्यांची भिंत पातळ असते. धातूची पूड मदरबोर्डजवळ येऊ देऊ नका, ती वीज वाहते. आणि लॅपटॉपच्या वाटेला जाऊच नका. तिथे बहुतेक वेळा झाकणच नसतं, थेट सिलिकॉन असतं.

कल्हई गेली की...

आता मुद्द्याचं. प्रोसेसरचं झाकण तांब्याचं असतं आणि त्यावर निकेलचा मुलामा असतो. आजीच्या पितळेच्या पातेल्याला कल्हई असायची ना, तसाच. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं, हे कोकणात सांगायला नको. पेस्टखालचं तांबं बऱ्यापैकी झाकलेलं राहतं, पण समुद्राच्या वाऱ्यात उघड्या कडा काळवंडायला वेळ लागत नाही. शिवाय झाकणावर कोरलेलं नाव-नंबर पुसलं जातं, म्हणजे वॉरंटी गेली आणि विकायला काढलात तर भावही पडला.

नव्या मशिनचं दुखणं तर निराळंच असू शकतं. इंटेलच्या २०२१ मध्ये आलेल्या बाराव्या पिढीत सॉकेटच्या पकडीच्या दाबानंच झाकण किंचित वाकतं. तिथे घासण्यापेक्षा कॉन्टॅक्ट फ्रेम बसवणं शहाणपणाचं. आणि काही कंपन्या कूलरचा तळ मुद्दाम फुगीर ठेवतात. नॉक्टुआनं तर २०२४ मध्ये एनएच-डी१५ जी२ हा एकच कूलर तळाच्या तीन वेगवेगळ्या फुगवट्यांत आणला. असा विचारपूर्वक दिलेला फुगवटा घासून टाकणं म्हणजे पैसे देऊन नुकसान!

माझं म्हणाल, तर क्रम असा ठेवा. आधी धूळ झाडा. मग जुनी पेस्ट पुसून नवी लावा. यानंच बहुतेकांचं भागतं. तरीही पारा उतरला नाही, तर पट्टी लावून तळ तपासा आणि ओबडधोबड असेल तर फक्त हीटसिंक घासा. तो बिघडला, तर नवा आणता येतो. प्रोसेसर घासायचा तर वॉरंटी संपलेला, जुना आणि ज्याच्यावर तुमची रोजीरोटी अवलंबून नाही असाच निवडा. सगळ्या खटाटोपातून उतरतात ते थोडेच अंश. तेवढ्यासाठी चालू नोकरीचं मशिन पणाला लावू नका, बॉस!