मोबाईल की टॅबलेट? आधी वहीत हिशेब मांडा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो. मुलगी म्हणते, "पप्पा, मला अभ्यासाला स्वतःचा मोबाईल पाहिजे." आई म्हणते, "मोबाईल नको, टॅब घ्या. पडदा मोठा, डोळ्यांना त्रास नाही." आणि बाप गप्प बसून भिशीचा नंबर कधी लागतो ते मोजत असतो. आपल्या कष्टकरी घरांत दहा-बारा हजार रुपये म्हणजे महिनाभराचा घाम. तो चुकीच्या वस्तूत गेला तर नुसते पैसे जात नाहीत, मुलांचे वर्षही अडते. म्हणून हा विषय चैनीचा समजून सोडून देऊ नये.

आमच्या वस्तीत चार घरची धुणीभांडी करणारी एक ताई आहे. तिने बारावीतल्या मुलीसाठी हप्त्यावर टॅबलेट घेतला. किंमत बारा हजार. दहा हप्ते, दरमहा १,३५० रुपये, शिवाय सुरुवातीला 'फाईल चार्ज' ४०० रुपये. टॅबलेट घरी आला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी लक्षात आले की त्यात सिमकार्डाची जागाच नाही. तो फक्त वायफायवर चालणारा. घरात वायफाय नाही. घरातला एकमेव मोबाईल आई कामावर नेते, संध्याकाळी सातला परत आणते. तोवर टॅबलेट म्हणजे नुसता आरसा! ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, दुकानदार तर म्हणाला होता, यात सगळं चालतं." दुकानदार खोटे बोलला नव्हता. विचारायचे काय, हेच आपल्याला ठाऊक नव्हते.

तर ते काय विचारायचे, याचीच ही चर्चा.

स्वस्त म्हणजे फायद्याचे नव्हे

स्वस्ताचा धडा खुद्द सरकारनेही घेतलेला आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाचा टॅबलेट दिल्लीत सादर केला. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडत होता. हेतू चांगला होता. पण रॅम होती अवघी २५६ एमबी आणि पडदा बोट जोराने दाबल्याशिवाय दाद देत नसे. तो संथ चालतो, बॅटरी टिकत नाही, अशा तक्रारी झाल्या. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, दुप्पट रॅम आणि चांगला पडदा देऊन 'आकाश २' आणावा लागला. जी वस्तू वापरताच येत नाही ती कितीही स्वस्त असली तरी महागच.

वहीत सहा रकाने आखा

दुकानात जाण्यापूर्वी वहीच्या पानावर रकाने आखा. दोन-तीन वस्तूंची नावे डावीकडे लिहा आणि पुढील गोष्टी भरा.

पहिला रकाना रॅमचा. रॅम म्हणजे काम करायचे टेबल. टेबल लहान असेल तर एक वही उघडताना दुसरी मिटावी लागते. आज निदान ६ जीबी पाहावी. खोक्यावर '४ अधिक ४' असे छापलेले असेल तर फसू नका. त्यातले दुसरे चार हे साठवणुकीच्या जागेतून उसने घेतलेले असतात आणि खऱ्या रॅमपेक्षा फार संथ असतात.

दुसरा रकाना साठवणुकीचा. हे आपले कपाट. १२८ जीबी लिहिले असले तरी त्यातला बराच भाग कंपनीची स्वतःची यंत्रणा अडवून बसते. मेमरी कार्डाची सोय आहे का, तेही लिहा.

तिसरा पडद्याचा. इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. टॅबलेट मोठा असूनही पडदा कमी ठिपक्यांचा असेल तर बारीक अक्षर फिसकटते. दुकानातच एखादे पुस्तकाचे पान उघडून वाचून पाहा.

चौथा बॅटरी व चार्जरचा. मोबाईलला ५,००० एमएएचच्या आसपासची बॅटरी दिवसभर पुरते. खोक्यात चार्जर आहे की नाही हे विचारा, कारण अनेक कंपन्या तो आता देत नाहीत.

पाचवा सिमचा. टॅबलेट घेताना हा प्रश्न सर्वांत आधी: सिम बसते का? बसत असेल तर फोन लागतो का, की फक्त इंटरनेट चालते?

सहावा रकाना बहुतेकजण सोडतात, पण तोच कळीचा. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? मोबाईल म्हणजे आज बँकेचे पासबुक आहे. अपडेट थांबले की त्या पासबुकाच्या कपाटाला जुने, सर्वांना ठाऊक झालेले कुलूप राहते. २०२३ साली गूगलने आपल्या 'पिक्सेल ८' ला सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून इतर कंपन्यांनीही मुदत वाढवायला सुरुवात केली आहे. स्वस्त फोनांत मात्र अजून फार फरक असतो.

आता साधा भागाकार करा. दहा हजारांचा फोन, अपडेट दोन वर्षे: वर्षाला ५,००० रुपये. चौदा हजारांचा फोन, अपडेट चार वर्षे: वर्षाला ३,५०० रुपये. महाग वाटणारा फोन दीड हजाराने स्वस्त पडला!

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र भुलू नका. मागे तीन भिंगे असली तरी त्यांतले दोन मेगापिक्सेलचे एखादे भिंग बहुधा शोभेचेच असते.

हप्त्याचा हिशेब

आमच्या ताईचे गणित पाहा. दहा गुणिले १,३५० म्हणजे १३,५००. त्यात ४०० मिळवा, झाले १३,९००. म्हणजे बारा हजारांच्या वस्तूला १,९०० रुपये जादा. हे कोणी तिला सांगितले नाही, कारण सगळे "महिना फक्त तेराशे पन्नास" असेच बोलत होते. महिन्याचा आकडा ऐकायचा नाही, एकूण आकडा कागदावर लिहून मागायचा.

जुना फोन घेणार असाल तर त्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसेल. इंग्रजी अक्षरांत 'केवायएम', मग जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ ला पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या 'संचार साथी' या सेवेतून हरवलेला फोन बंदही करून घेता येतो. त्यासाठी पक्की पावती जपून ठेवा.

घेतल्यावर आपल्यापरीने घडवा

नवा फोन हा नव्या भाड्याच्या खोलीसारखा असतो. मांडणी मालकाच्या सोयीची असते, ती आपल्या सोयीची करून घ्यावी लागते.

प्रथम सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी करा. आईला, आजीला फोनची भीती वाटते ती बहुतांशी इंग्रजीची भीती असते. गूगलच्या कीबोर्डात मराठी जोडली की देवनागरीत लिहिता येते, बोटाने अक्षर गिरवता येते आणि नुसते बोलूनही मजकूर उमटतो. ज्यांचा लिहिण्याचा हात नाही त्यांना हा मोठा आधार आहे. अक्षरांचा आकार वाढवा. रात्री पडद्याचा उजेड पिवळसर व मंद ठेवा.

मग सूचनांचा गोंगाट बंद करा. बातम्या, खेळ, खरेदी यांच्या सूचना थांबवल्या की अभ्यासातले लक्ष निम्मे तरी परत येते. कंपनीने आधीच भरलेली नको ती ॲप काढा, निघत नसतील तर निष्क्रिय करा. घरात दोन भावंडांत एक टॅबलेट असेल तर अनेक अँड्रॉइड टॅबलेटवर दोन वेगळी खाती करता येतात. एकाची वही दुसऱ्याच्या वहीत मिसळत नाही. लहान मुलांसाठी गूगलच्या 'फॅमिली लिंक'मधून वेळेची मर्यादा घालता येते. पण ती मुलांशी बोलून घालावी, चोरून नव्हे.

एक धोका सांगतो. फोन सजवायचा म्हणून कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली ॲपची फाईल उघडू नका. थीमच्या नावाखाली त्यातून बँकेचे खाते रिकामे होते. तसे घडलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड.

त्या टॅबलेटचे पुढे काय झाले? दुकानदाराने परत घेतला नाही. मग आम्ही एका रविवारी बसलो. आई सातला घरी आली की तिच्या मोबाईलचे हॉटस्पॉट सुरू होते. जेवण होईतो मुलगी दुसऱ्या दिवसाचे धडे, व्हिडिओ, प्रश्नपत्रिका टॅबलेटमध्ये उतरवून घेते. दिवसभर इंटरनेटशिवाय तेच वाचते. सूचना बंद, खेळ काढलेले, अक्षर मोठे. मुलगी म्हणते, "काका, नेट नसतं ते बरंच झालं. दुसरीकडे लक्षच जात नाही." हप्ते अजून चार बाकी आहेत, पण आता ते डोईजड वाटत नाहीत, असे ताई सांगते.

तरीसुद्धा प्रत्येक घराने असे ठेचकाळूनच शिकले पाहिजे असे नाही. वस्तीतल्या ज्या पोरांना हे कळते त्यांनी रविवारी तासभर विहारात, नाहीतर समाजमंदिरात बसावे आणि खरेदीला निघालेल्या आईबापांची वही भरून द्यावी. त्याला वर्गणी लागत नाही, एक पेन पुरतो.