शब्दासरशी उजेड

रात्री पाण्यासाठी उठलेल्या वृद्ध व्यक्तीस अंधारात भिंत चाचपत बटणापर्यंत जावे लागते. त्या चार पावलांतच पाय अडखळून पडण्याचा धोका असतो. ‘दिवा लाव’ असे म्हणताच उजेड पडावा, अशी सोय आता सामान्य घरातही करता येते. चैनीची वस्तू म्हणून नव्हे, तर वृद्ध, आजारी व दिव्यांग व्यक्तींच्या उपयोगाचे साधन म्हणून तिचा विचार व्हावयास हवा.

स्मार्ट बल्ब हा मुळात एलईडी दिवाच होय. मात्र त्यात बिनतारी संदेश घेणारा एक लहान भाग बसविलेला असतो. मोबाईल फोन अथवा स्मार्ट स्पीकर आपले बोलणे टिपतो. ते बहुधा इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकाकडे जाते, तेथे त्याचा अर्थ लावला जातो आणि आज्ञा दिव्यापर्यंत पोहोचते. ॲमेझॉनचे असे स्पीकर २०१७ मध्ये भारतात आले. २०१८ मध्ये गुगलच्या ध्वनी-सहायकात मराठीचाही समावेश झाला.

प्रारंभ एकाच दिव्याने करावा. बल्ब घरातील होल्डरमध्ये बसतो काय, तो आपल्या वाय-फायवर चालतो काय आणि घरातील मंडळी ज्या भाषेत बोलतात ती भाषा निवडलेल्या उपकरणास समजते काय, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

पुष्कळांची निराशा होते ती भिंतीवरील बटणामुळे. सवयीने कोणी बटण बंद केले की बल्बची वीज तुटते. मग कितीही हाका मारल्या तरी तो लागत नाही. यास्तव ज्या घरात अनेकांचा वावर आहे तेथे साधा बल्ब कायम ठेवून बोर्डातच स्मार्ट स्विच बसविणे श्रेयस्कर होय. त्यामुळे बटण आणि आवाज या दोहोंनी दिवा लावता येतो. अशा बहुतेक स्विचना न्यूट्रल तारेची जोडणी लागते. हे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे.

यामुळे विजेची मोठी बचत होईल, अशी अपेक्षा मात्र बाळगू नये. आज्ञेची वाट पाहणारा बल्ब विझलेला असतानाही थोडी वीज घेतो. हे प्रमाण अर्धा वॅट धरल्यास वर्षाकाठी सुमारे ४ युनिट होतात. ९ वॅटचा साधा एलईडी दिवा रोज ४ तास लावल्यास वर्षाला सुमारे १३ युनिट लागतात. खरी बचत साध्या पिवळ्या बल्बऐवजी एलईडी वापरण्यात आहे.

स्पीकरचा मायक्रोफोन हाक ऐकण्यासाठी सतत सज्ज असतो, हेही ध्यानी घेणे आवश्यक आहे. खात्याचा पासवर्ड बळकट असावा आणि खाजगी बोलणे चालू असताना मायक्रोफोन बंद ठेवावा.

इंटरनेट खंडित झाल्यास आवाजाची सोय सहसा थांबते आणि वीजच गेल्यास दिवाही लागत नाही. म्हणून वृद्धांच्या उशाशी बॅटरी ठेवण्याची जुनी पद्धत पुढेही चालू ठेवावी, हेच हिताचे.