चार दिवसांसाठी गाडी काढायची आहे? दुसऱ्या गाडीच्या इन्शुरन्सचा हिशोब आधी समजून घ्या

शादीचा सीझन आला की आमच्याकडे एक सवाल हमखास येतो. निकाह लातूरला, वलीमा नांदेडला. घरची एक गाडी पुरत नाही. अंगणात कव्हर टाकून दुसरी गाडी उभी असते. कधी ती सौदीत नोकरी करणाऱ्या भावाची, कधी अब्बांच्या काळातली मारुती ८००, कधी एखाद्या हौशी मुलाने मिस्त्रीकडून दुरुस्त करायला घेतलेली जुनी पद्मिनी. पॉलिसी कधीच संपलेली. मग फोन येतो, "सर, चारच दिवस गाडी रोडवर आणायची आहे. चार दिवसांचा इन्शुरन्स मिळतो का?"

आम्ही पेशाने शिक्षक. इन्शुरन्स एजंट नाही. पण शाळेत फॉर्म भरून देता देता आणि घरच्या जुन्या गाडीचे कागद सांभाळता सांभाळता काही गोष्टी समजल्या, त्या इथे मांडतो.

सरळ उत्तर असे की आपल्या देशात खासगी कारसाठी चार दिवसांची पॉलिसी बाजारात सहज मिळत नाही. ब्रिटनमध्ये एका तासाचा, एका दिवसाचा इन्शुरन्स मोबाईलवर घेता येतो. तिथे विमा बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्या नावाशी बांधलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याची गाडी एका दिवसासाठी घेणाऱ्यालाही स्वतःची पॉलिसी लागते. आपल्याकडे विमा गाडीचा असतो आणि साधारणपणे वर्षाचा असतो. १ जुलै २००२ पासूनच्या मोटार टॅरिफमध्ये कमी मुदतीचा तक्ता होता. पण त्यातही एका महिन्याला वर्षाच्या प्रीमियमचे २० टक्के, तीन महिन्यांना ४० टक्के, सहा महिन्यांना ७० टक्के लागत. सात महिन्यांच्या वर गेले की पूर्ण वर्षाचे पैसे. म्हणजे मुदत कमी केल्याने बचत होते, हा समज तेव्हाही अर्धाच खरा होता.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. सार्वजनिक जागी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा हवाच. एक किलोमीटर असो की शंभर, कायद्याला फरक पडत नाही. सार्वजनिक जागा म्हणजे फक्त हायवे नाही. जिथे लोकांना ये-जा करायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा, म्हणजे घरासमोरची गल्लीसुद्धा. गेटच्या आत, स्वतःच्या अंगणात गाडी उभी असेल तर गोष्ट वेगळी. पण मिस्त्रीने दुरुस्तीनंतर "जरा चालवून बघतो" म्हणत गाडी रस्त्यावर काढली, की वापर सुरू झाला.

कलम १९६ प्रमाणे विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. हे कलम चालवणाऱ्याला लागते, तसेच चालवू देणाऱ्यालाही. म्हणजे भाच्याच्या हातात चावी दिली तर आपणही त्यात आलो.

खरी भीती दंडाची नाही

दोन हजार रुपये माणूस कसेही भरतो. खरी भीती वेगळी आहे. समजा, लोह्याजवळ किंवा अहमदपूरजवळ आपल्या गाडीची धडक एखाद्या मोटारसायकलवाल्याला बसली. त्याच्या घरी बायको, लहान मुले, म्हातारे आई-वडील. मोटार अपघात दावा प्राधिकरण त्याचे वय, कमाई, घरातले अवलंबून असलेले लोक बघून भरपाई ठरवते. कमावता तरुण गेला असेल तर ही रक्कम लाखांत जाते. थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर माणसाच्या मृत्यू आणि जखमेची भरपाई कंपनी भरते आणि तिला रकमेची वरची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी कारसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते.

पॉलिसी नसेल तर? सगळे मालकाच्या अंगावर. कलम १७४ प्रमाणे ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. प्लॉट, शेत, दुकान, सगळे त्यात येते. आणि आपल्याकडे द्यायला काहीच नसेल तर त्या दुसऱ्या घराच्या हाती निकालाचा नुसता कागद राहतो. बंदों के हक, म्हणजे हुकूकुल इबाद, आपण मुलांना शिकवतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा हक त्यातच आला.

खर्च किती येतो

थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवते, म्हणून सगळ्या कंपन्यांचे सारखेच. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे:

- १००० सीसीपर्यंत (मारुती ८०० यात येते): २,०९४ रुपये
- १००० ते १५०० सीसी (पद्मिनी यात येते): ३,४१६ रुपये
- १५०० सीसीच्या वर (जुनी विलीज जीप यात येते): ७,८९७ रुपये

यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे मारुती ८०० ला साधारण २,४७१ रुपये. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. घेताना चालू दर एकदा बघून घ्यावा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल, मूळ रूपात असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदली असेल तर थर्ड पार्टीत ५० टक्के सवलत आहे. पण त्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. शादीला न्यायच्या गाडीसाठी हा रस्ता नाही.

पैसे कुठे वाचवता येतात

थर्ड पार्टीत कापाकापी होत नाही. बचत होते ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. हा भाग ऐच्छिक आहे.

१. जुनी, कमी किमतीची गाडी असेल तर फक्त थर्ड पार्टी घ्यावी. यासाठी सहसा गाडीची तपासणीही लागत नाही, पॉलिसी लगेच मिळते. ओन डॅमेजमध्ये खंड पडला असेल तर मात्र कंपनी आधी गाडी तपासते.

२. गाडी बरी आहे पण कमी फिरते, तर जेवढे चालवाल तेवढे भरा, असा पर्याय विचारावा. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये त्याला परवानगी दिली. यात वर्षाचे किलोमीटर आधी ठरतात आणि ओन डॅमेजचा प्रीमियम त्यावर बसतो.

३. दोन्ही गाड्या एकाच माणसाच्या नावावर असतील तर दोन्हींसाठी एकत्र फ्लोटर संरक्षण मिळू शकते. ही परवानगीही तेव्हाचीच. एक गाडी आपल्या आणि दुसरी भावाच्या नावावर असेल तर हे जमत नाही.

४. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा एका माणसाला एकदाच लागतो. पहिल्या गाडीवर घेतला असेल तर दुसऱ्या पॉलिसीत पुन्हा लावू देऊ नका. एजंटला तसे स्पष्ट सांगा. पण भाऊ सौदीत आणि गाडी आपण चालवतो, अशी स्थिती असेल तर त्याच्या नावाचा हा विमा आपल्याला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

५. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, पण एका वेळी एकाच गाडीला लागतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो जातो.

नातेवाईकाची गाडी आणली तर

यासाठी वेगळी पॉलिसी लागत नाही. विमा गाडीचा असल्याने मालकाच्या परवानगीने, चालू लायसन्स असलेला माणूस ती चालवू शकतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. खासगी गाडीचे भाडे घेऊ नका, देऊ नका. ते पॉलिसीच्या अटीविरुद्ध आहे आणि क्लेम अडकतो. आणि शादीच्या गडबडीत अल्पवयीन मुलाच्या हाती चावी जाऊ देऊ नका. कलम १९९-अ मध्ये पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर

आपल्याकडे बॉण्डवर लिहून गाडी विकायची सवय आहे. आरसी वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावावर. सुप्रीम कोर्टाने ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सांगितले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. म्हणून विकणाऱ्यानेही नाव बदलल्याशिवाय स्वस्थ बसू नये. घेणाऱ्याने गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे पॉलिसी बदलण्यासाठी अर्ज करावा. आरसीची पंधरा वर्षांची मुदतही बघावी. एमएच-२४ असो की एमएच-२६, ती संपली असेल तर आधी तिचे नूतनीकरण.

जायज-नाजायजचा सवाल

काही घरांत बुजुर्ग विमा म्हटले की नाराज होतात. मसला सांगणे आमचे काम नाही. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण विचारताना फरक नीट सांगावा: थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची आहे आणि तिचे पैसे समोरच्या जखमी माणसाला मिळतात, ओन डॅमेज आपल्या मर्जीचा आहे. सवाल नीट मांडला तर जवाबही नीट मिळतो.

निघण्याआधी

पॉलिसी आदल्या रात्री नाही, दोन-तीन दिवस आधी काढा. तिच्यावर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. त्या वेळेआधी झालेला अपघात तिच्यात येत नाही. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स एम-परिवहन किंवा डिजिलॉकरवर उघडून बघा. गाडीचा नंबर आणि इंजिन नंबर बरोबर आहे का, तेही तपासा. एजंटने नुसती पावती दिली तर पॉलिसीचा कागद मागून घ्या.

शादीत मंडप, बिर्याणी, कपडे यांचा हिशोब आपण महिनाभर आधी करतो. त्यात अडीच हजारांची ही एक ओळ वाढवा. चार दिवसांनी गाडी पुन्हा कव्हरखाली गेली तरी हे पैसे वाया गेले, असे समजू नका. वर्षभरात अम्मीला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तीच गाडी बिनधास्त बाहेर काढता येईल. अल्लाह सगळ्यांचा सफर सलामतीचा करो.