रुग्णालयीन अपशिष्ट

रुग्णालयीन अपशिष्ट : निदान, उपचार, शस्त्रक्रिया व लसीकरण यांतून निर्माण होणारे टाकाऊ पदार्थ. यांपैकी सु. ८५ टक्के पदार्थ घरगुती कचऱ्यासारखे निरुपद्रवी असतात. उरलेले संसर्गजन्य, विषारी वा किरणोत्सर्गी असतात. दोन्ही एकत्र झाल्यास सर्वच कचरा धोकादायक ठरतो. म्हणून उगमस्थानीच वर्गीकरण करणे हा व्यवस्थापनाचा पाया होय.

वापरलेली सुई टोचल्यास ब व क प्रकारची कावीळ आणि एचआयव्ही यांचा संसर्ग संभवतो. परिचारिका, सफाई कामगार व कचरावेचक यांना हा धोका विशेष असतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे ब-काविळीची साथ उद्भवली. तिचा संबंध सुया-सिरिंजांच्या पुनर्वापराशी होता. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक उघड्यावर जाळल्यास डायॉक्सिने ही विषारी संयुगे हवेत मिसळतात.

भारतात १९९८ मध्ये यासंबंधीचे नियम झाले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. त्यांनुसार शारीर अवशेष व रक्ताळलेल्या पट्ट्या पिवळ्या, दूषित नळ्या व सिरिंजा तांबड्या पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या पेटीत ठेवतात. प्रक्रियेविना हा कचरा सामान्यतः ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठविता येत नाही.

उमरखेड (जि. यवतमाळ) यासारख्या पैनगंगा खोऱ्यातील तालुक्याच्या गावी एकेका दवाखान्याचा कचरा अल्प असला, तरी हे नियम त्यालाही लागू आहेत. सामुदायिक प्रक्रिया केंद्राची सोय नसलेल्या दुर्गम भागातच खोल पुरण्यास अनुमती असते; मात्र खड्डा विहिरींपासून दूर असावा लागतो, अन्यथा भूजल दूषित होते.