हिरवी नात, लाल आईबाप

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलींत वाढणाऱ्या सारासेनिया या घटपर्णींचे संकर पाहिलेत का? त्यातल्या फ्लावा जातीचा घट उंच, वर छत्रीसारखं झाकण. पर्प्युरिया जातीचा बुटका, आडवा पसरलेला, पावसाचं पाणी साठवणारा. दोघांचं पोर कॅट्सबी उंचीला मधलं, कारण असे गुण बहुधा अनेक जनुकं मिळून ठरवतात.

रंगाची गंमत मात्र न्यारी! लाल रंगद्रव्य अजिबात नसलेल्या हिरव्या रोपाचा शुद्ध लाल रोपाशी संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळी लाल. हिरवा गुण अप्रभावी ना! याच पोरांचा आपसात संकर केला, की साधारण चारांत एक हिरवं परत येतं. अगदी मेंडेलचा वाटाणा! फक्त बीपासून फुलापर्यंत ३ ते ५ वर्षं लागतात, तेव्हा कुंडीवर नावाची पट्टी आजच लावा.