पावसाळ्यांतील टोपीची बंदूक

पिकाच्या राखणीस परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकरीबंधूंस पावसाळ्यांतील अडचण ठाऊक आहेच. डुकरें शेतांत शिरतात, टोपी फुटते, पण बार होत नाहीं. चकमकीच्या उघड्या कानाची जागा टोपीनें घेतली, तरी ओलीस दोन वाटा उरल्या: टोपीखालची व नळीच्या तोंडाची. म्हणून टोपी घट्ट बसणारी घ्यावी व दारू कोरड्या, घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी. बाराची काजळी ओल शोषून गंज चढविते. सबब त्याच दिवशीं नळी गरम पाण्यानें धुवून, सुकवून तेलाचा हात द्यावा. ठासण्यापूर्वीं मात्र तेल पुसावें. तेलानेंहि दारू निकामी होते. आमचें शेवटचें सांगणें हें कीं, बार न झाल्यास नळींत डोकावूं नये. तोंड निर्जन दिशेस धरून थांबावें. उशिरां उडालेला बार धन्याचाच जीव घेतो.