दहा गुंठ्यांचा कोळसा

१८३१ साली तुएरी या फ्रेंच औषधविक्रेत्याने वैद्यक अकादमीसमोर स्ट्रिक्निन, म्हणजे काजऱ्याच्या बियांतील विष, मारक मात्रेच्या दहापट घेतले आणि त्याला काहीही झाले नाही, अशी कथा विषशास्त्राच्या पुस्तकांतून सांगितली जाते. विषाबरोबर त्याने कोळशाची पूड घेतली होती. कथेतील खरा महत्त्वाचा शब्द 'विषाबरोबर' हा आहे, आणि नेमका तोच विसरला जातो.

हा कोळसा शेगडीतला नव्हे. नारळाच्या करवंट्या वा लाकूड जाळून झालेल्या कोळशावर प्रखर उष्णतेत वाफ सोडली की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात. अशा एका ग्रॅमच्या पोटात सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १० गुंठे पृष्ठभाग सामावतो! झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्यांतील द्रव्य या भिंतींना चिकटते आणि रक्तात न भिनता आतड्यावाटे बाहेर पडते. लोह, लिथियम, मद्य यांना मात्र कोळसा जवळजवळ धरतच नाही. आम्ल किंवा रॉकेल पोटात गेले असता तो देऊही नये. करपलेला पाव, कडक चहा आणि मॅग्नेशिया यांचा 'सर्वविषहारी' उतारा पाश्चात्त्य घरांतून दीर्घकाळ मिरवला. करपलेल्या पावाला ही छिद्रे कोठून येणार?

श्रीलंकेतील अनुभव अधिक बोलका आहे. तेथे पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे आपल्याकडील बिट्टीच्या, बिया खाल्लेल्या ४०१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. कोळशाची एकच मात्रा मिळालेल्यांत ८ टक्के दगावले. ती पुनःपुन्हा मिळालेल्यांत २.५ टक्के. पुढे २००८ साली ४,६३२ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांत कीटकनाशके प्यालेलेही पुष्कळ होते, आणि तेथे कोळशाने मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. पुष्कळांचे दाखल होण्यापूर्वीच काही तास गेले होते. रक्तात उतरलेल्या विषाला जठरातील कोळसा बहुधा काय करणार?

म्हणूनच प्रौढाला लागणारी ५० ग्रॅमची पूड जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात असणे पुरेसे नाही. ती पहिल्या तासाभरात हाताशी हवी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवी. सोबत ती देणारा जाणकारही हवा, कारण गुंगीतल्या रुग्णाच्या फुप्फुसात ती गेली तर उपायच अपाय ठरतो. घरोघरी मात्र आजही तो तास मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात जातो, आणि गाडी त्यानंतर शोधली जाते.